इंडस क्रीड, मामा आणि आमचा ड्रमर

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या बेसिस्टचा मेसेज आला. हा प्राणी चार वर्षं बंगळूरला होता, आता बदली घेऊन मुलुंडला घरी परत आलाय. मेसेज एका ओळीचा - "बँड परत सुरू करायचा का? ड्रमर मिळालाय."

मी ती ओळ तीनदा वाचली. ड्रमर मिळालाय म्हणजे काय? आमचा ड्रमर काही हरवला नव्हता. तो टेक्सासमध्ये आहे. एमएस केलं, तिथेच नोकरी लागली, गेल्या वर्षी घरही घेतलं. दर गणपतीला न चुकता फोन करतो. फक्त तो इथे नाही, एवढंच.

आता आमचा बँड म्हणजे काय ते सांगून टाकतो, उगाच गैरसमज नको. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला चार पोरांनी पोर्क्युपाइन ट्री आणि ड्रीम थिएटर ऐकलं आणि आपल्यालाही सात मात्रांत वाजवता येईल असं ठरवून टाकलं, तो आमचा बँड. (सात मात्रा म्हणजे आपला रूपक. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.) एकूण पाच कॉलेज फेस्टिव्हल, एक बक्षीस. तिसरं. स्पर्धक चार होते :) स्वतःची म्हणावी अशी गाणी तीन. बँडचं नाव सांगत नाही, हसाल. पण ते नाव ड्रमरने ठेवलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेसेजला मी "बघू" असं उत्तर दिलं. आपल्याकडे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा "नाही" असतं हे बेसिस्टला चांगलं ठाऊक आहे. त्याने लगेच फोनच केला. तीन जुने, एक नवीन. नवीन ड्रमर म्हणजे एक मुलगी आहे, आत्ता थर्ड इयरला, भन्नाट वाजवते. अंधेरीला तासावर भाड्याने मिळणारी प्रॅक्टिसची खोली आहे, रविवारी भेटू, नुसतं भेटू. मी म्हटलं, आणि नाव? तो म्हणाला, नाव तेच, त्यात काय.

त्यात काय?! माझ्या डोक्यात तिथूनच किडा शिरला.

ह्या विषयावर सल्ला घ्यावा असा आमच्या खानदानात एकच माणूस आहे. माझा बोरिवलीचा मामा. मामा आता पंचावन्नचा, बँकेत आहे, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळतो. पण त्याच्या कपाटात वरच्या खणात बुटांच्या खोक्यात कॅसेट्स आहेत आणि त्या खोक्याला मामीनेसुद्धा हात लावायचा नाही असा नियम आहे. मामा रंगभवनच्या पिढीचा.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगतो. रंगभवन म्हणजे धोबीतलावचं, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं खुलं नाट्यगृह. मुंबईतलं रॉक तिथे वाढलं. जॅझ यात्रा तिथे झाली. 1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे सगळ्यांचा आय-रॉक, तोही तिथलाच. आजूबाजूला कामा आणि जीटी अशी दोन हॉस्पिटलं. त्यामुळे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, शांतता क्षेत्र ठरलं, आणि काही वर्षांतच तिथलं रॉक बंद पडलं. आय-रॉक पुढे आमच्या अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही झाला. पण मामा तिकडे गेला नाही. "रंगभवन नाही तर आय-रॉक कसला?" ही मामाची भूमिका. बघा, म्हणजे हा रोग जुना आहे.

तर ह्या रंगभवनचा राजा बँड होता रॉक मशीन. 1984 चा, मुंबईचाच. त्या काळात लोकांना स्टेजवर डीप पर्पल आणि आयर्न मेडनची गाणी हवी असायची, आणि बँडही तीच वाजवायचे. रॉक मशीनवाले स्वतःची गाणी वाजवायला लागले. 1988 ला 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1990 ला 'द सेकंड कमिंग'. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बलापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस. मामा मरीन लाइन्सला उतरायचा आणि येताना धावत जाऊन शेवटची बोरिवली पकडायचा. आजीचा अर्थातच ह्या सगळ्याला विरोध. तिला पटवायला मामा म्हणायचा, "अगं, आपल्यातलाच एक तिनईकर आहे त्यात." तेव्हा पालिका आयुक्त होते सदाशिव तिनईकर. आजीने ताबडतोब विचारलं, "त्यांचे कोण?" मामाला माहीत नव्हतं. पण त्या आडनावावर त्याला दोन-तीन वर्षं परवानगी मिळत राहिली :)

1993 मध्ये बँडने नाव बदललं. रॉक मशीनचं झालं इंडस क्रीड. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियासाठीचं बक्षीस मिळालं. 1995 ला 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम आला, आणि 1997 ला बँड फुटला. उदय आणि जयेश यांनी 'आम्स फॉर शांती' काढला, उदय न्यूयॉर्कला गेला. मामाचं लग्न त्याच वर्षीचं. त्याची स्वतःची गिटार त्याच वर्षी माळ्यावर गेली. ह्या दोन घटनांचा संबंध नाही असं मामी म्हणते.

मामाच्या दृष्टीने गोष्ट इथे संपते. पण ती संपली नाही. 2010 मध्ये इंडस क्रीड परत उभा राहिला. जुन्यांपैकी तिघे - बेनेगल, तिनईकर, बलापोरिया. बेसवर रशद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी, दोघंही पुढच्या पिढीतले. जयेश गांधी नाही, मार्क सेल्विन नाही. आणि 2012 मध्ये ह्या पाचांनी नवा अल्बम काढला. 'इव्हॉल्व्ह'. आठ गाणी. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी!

मी तेव्हा शाळेत होतो. मामाने ती सीडी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली होती (ते दुकानही 2016 ला बंद झालं). घरी येऊन एकदा ऐकली आणि खोक्यात न ठेवता शेजारी ठेवली. खोक्यात नाही, शेजारी. "हा तो बँड नाही," एवढंच म्हणाला. त्यावर पुढे कधी चर्चा नाही.

मला सल्ला हवा होता, म्हणून शनिवारी घाटकोपरहून बोरिवली गाठली, रात्री तिथेच राहिलो. जेवताना विषय काढला. मामा म्हणाला, "तुमचा ड्रमर नाही ना? मग दुसरं नाव घ्या. सोप्पं आहे." मी म्हटलं, मामा, मग त्या तिघांनी 2010 ला दुसरं नाव घ्यायला हवं होतं का? मामा म्हणाला, "हो." मी म्हटलं, आणि 1993 ला माणसं बहुतेक तीच असताना नाव बदललं तेव्हा? मामा आमटी वाढून घ्यायला लागला.

पण खरंच, हे मला त्या रात्री पहिल्यांदाच लक्षात आलं. ह्या बँडने एकदा माणसं ठेवून नाव बदललं, आणि एकदा माणसं बदलून नाव ठेवलं. म्हणजे नाव आणि माणसं ह्यांचा जो हिशोब आपण मनात धरतो तो त्यांनी दोन्ही वेळा मोडला. मग त्यांच्या लेखी बँड म्हणजे नक्की काय होतं?

रविवारी मामाला पार्ल्याला कोणाकडे तरी जायचं होतं, मला अंधेरीला सोडणार होता. निघताना मी ती सीडी उचलली. आता सीडी लावायची कुठे? माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, मामाच्या डेस्कटॉपचा उघडत नाही. चालू सीडी प्लेअर एकच, मामाच्या जुन्या वॅगन-आरमध्ये. फोनवर ऐकता आलं असतं म्हणा, पण मामाने पैसे मोजून घेतलेली सीडी आहे, ती वाया का घालवा! तर नॅशनल पार्कच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये उभे असताना 'इव्हॉल्व्ह' सुरू झाला.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मलाही नाही आवडला. कारण मी मामाच्या कॅसेटवरचा बँड शोधत होतो. 'टॉप ऑफ द रॉक'सारखं काहीतरी, ज्यात मुठी वर करून ओरडता येईल. इथे तसं काही नाही. 'फायरफ्लाइज'सारखी गाणी घाईच करत नाहीत. कीबोर्ड मागे लांबच लांब पडदा धरून ठेवतो, गिटार बराच वेळ थांबते आणि मग येते. मालाड आलं तरी मामाची चुळबूळ चालू. "कोरस कुठाय?" मी म्हटलं, येईल रे. "रॉक मशीनमध्ये एव्हाना दोनदा येऊन गेला असता."

हे अगदी खरं आहे, आणि माझ्या मते हाच मुद्दा आहे. 1988 चा बँड श्रोत्याला पकडून ठेवायला वाजवत होता. त्याला पकडावंच लागत होतं, समोर हजारो पोरं परदेशी गाण्यांची फर्माईश करत उभी असायची. 2012 चा बँड पकडत नाही. ऐकायचं तर ऐका, आम्ही इथे आहोत, असा त्याचा एकूण सूर. 'डिझॉल्व'मध्ये तर त्यांना कुठे पोचायची गडबडच नाही. अल्बमचं मिक्सिंग टिम पामरने केलंय. ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' आणि पोर्क्युपाइन ट्रीचा 'इन ॲब्सेन्शिया' मिक्स केला तोच. आवाजात जी खोली आणि मोकळी जागा ऐकू येते ती ओळखीची का वाटते हे मला तेव्हा कळलं. आम्ही हॉस्टेलवर ज्या अल्बमची पारायणं केली त्याचा आवाज ज्या हातांतून गेला, त्याच हातांतून हाही गेलाय.

आणि दुसरी गोष्ट - एक गिटार. जुन्या बँडला दोघांची जुगलबंदी होती, तिनईकर आणि गांधी. गांधी गेल्यावर सोपा उपाय काय? दुसरा गिटारवाला आणायचा, त्याला जुने सगळे तुकडे पाठ करायला लावायचे. त्यांनी तसं केलं नाही. ती जागा मोकळी ठेवली, आणि ती कीबोर्डने, बेसने, काही ठिकाणी नुसत्या शांततेने भरली. 'द मनी'सारख्या जड गाण्यातही बेस आणि ड्रम ज्या पद्धतीने खेळतात ते जुन्या रेकॉर्डवर कुठेही नाही. नव्या दोघांना जुन्यांची नक्कल करायला आणलेलं नाही हे सरळ ऐकू येतं.

जोगेश्वरीच्या आसपास मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ड्रमर चांगलाय." आणि थोड्या वेळाने, "पण तो बँड नाही हा." पण ह्या वेळी त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसतीच नोंद होती. निदान मला तरी तसं वाटलं.

हा प्रश्न काही एकट्या इंडस क्रीडचा नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांच्या तर पाचवीलाच पुजलेला. 'येस'चा बेसिस्ट ख्रिस स्क्वायर हा बँडच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर होता. 2015 ला तो गेला, तरी 2021 ला 'द क्वेस्ट' आला, ज्यावर स्थापनेच्या वेळचा एकही माणूस नाही. जेथ्रो टलचा 'द झेलट जीन' 2022 चा, 1969 पासून प्रत्येक अल्बमवर असलेल्या मार्टिन बारच्या गिटारशिवाय. दोन्ही वेळा लोकांची तीच भांडणं. हा तो बँड नाही, फक्त पाटी तीच.

मी पोटापाण्यासाठी जे करतो त्यात हा प्रश्न रोजचा आहे. आमचं एक मॉड्यूल आहे, दहा-बारा वर्षं जुनं. गिट ब्लेम नावाची एक कमांड असते, ती प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवते. ती चालवली की जी जुनी नावं दिसतात त्यांतलं एकही आता कंपनीत नाही. नव्या लोकांनी अर्ध्याहून जास्त ओळी बदलल्यात. तरी आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारतो, कारण ते अजून तेच काम करतं आणि त्यावर अजून नवीन काम चालू आहे. ज्या दिवशी आम्ही "कोणी हात लावू नका, चाललंय तसं चालू द्या" म्हणू, त्या दिवशी ते मेलं. माणसं गेल्याने मेलं नव्हतं.

'इव्हॉल्व्ह'बद्दल मला नेमकं हेच म्हणायचंय. परत एकत्र येणाऱ्या म्हाताऱ्या बँडला (म्हातारे म्हटल्याबद्दल क्षमस्व) पैसे आणि टाळ्या मिळवायचा हमखास रस्ता असतो. जुनी दहा गाणी, जुने लोक, जुने टी-शर्ट. त्यासाठी नव्या अल्बमची गरजच नसते. ह्यांनी तो काढला, आणि असा काढला की मामासारखा भक्तसुद्धा तो खोक्याच्या बाहेर ठेवील. ते नाव त्यांनी पुढच्या कामासाठी वापरलं, नुसतं मागच्या कामावर जगायला नाही. म्हणून मला ते नाव त्यांचंच वाटतं.

असो. अंधेरीच्या त्या खोलीत काय झालं ते सांगतो. आम्ही आमचं पहिलं गाणं वाजवलं आणि ते अत्यंत भयानक झालं. चूक त्या मुलीची नव्हती. तिने आमचं जुनं रेकॉर्डिंग ऐकून एकेक ठोका बसवून आणला होता. आणि तोच त्रास होता. डोळे मिटले की तो ऐकू यायचा, उघडले की ती दिसायची. मला तिच्यावर विनाकारण राग यायला लागला. ब्रेकमध्ये ती बिचारी विचारते, "सर, काही चुकलं का?" सर!! मी चहा आणायला खाली गेलो.

रात्री साडेनऊला टेक्सासला फोन लावला, तिकडे सकाळ. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल, म्हणेल, अरे बिनधास्त करा. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "व्हिडिओ बघितला मी. बेसिस्टने टाकलाय." आणि मग, "नाव ठेवा. पण माझी गाणी नका वाजवू."

"माझी" म्हणाला. आपली नाही. मला वाईट वाटलं, मग रागही आला. तू गेलास, आम्ही नाही गेलो, असंही एक वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. नाही बोललो ते बरं झालं. कारण दोन दिवसांनी लोकलमध्ये लटकत असताना कळलं की ती तीन गाणी खरोखरच त्याच्या वाजवण्याभोवती बांधलेली होती. आम्ही बाकीचे त्यावर चढवलेले होतो. तो नुसता रुसला नव्हता, बरोबरही होता.

पण नाव आहे आणि गाणी नाहीत म्हणजे काय? म्हणजे नवीन लिहा. एवढं सरळ आहे. आणि अवघडही, कारण जुन्या तीन गाण्यांच्या आठवणीवर चार रविवार मजेत गेले असते. आता ती सोय नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्या मुलीला म्हटलं, रेकॉर्डिंग विसर, तुला काय वाजवायचंय ते वाजव. तिने सात मात्रांचं काहीतरी सुरू केलं, पण आमचा ड्रमर जिथे दणका द्यायचा तिथे ती हात उचलून घेते. मोकळी जागा. तिथे काय करायचं हे आम्हा तिघांना कळेना. बेसिस्टने चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि मग तोही तिथे थांबला. अख्खी खोली अर्धा सेकंद गप्प. आणि मग सगळे एकदम. अंगावर काटा आला हो. अजून गाणं नाहीये ते, नुसता तुकडा आहे. चाळीस सेकंदांचा.

तो तुकडा मी टेक्सासला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही. येईल तेव्हा येईल.

मामाचा मात्र परवा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, आईची तब्येत विचारून झाली, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "ती सीडी तुझ्याकडेच राहिली का रे? येशील तेव्हा घेऊन ये."

खोक्यात ठेवायला की गाडीत लावायला, ते मी विचारलं नाही.